अमौरीशी कुणी बोलायचं नाही

व्हर्जिल टॉमचॅकचा हात शिवशिवत होता आणि त्याला काम मिळत नव्हतं. हंगाम संपत आलेला. बेल्डन फॉल्सच्या हेरन्स या बेसबॉल संघाला बाद फेरीत जायला आज, या शेवटच्या रविवारी, जिंकणं भाग होतं. पण सुरुवातीला उतरणारे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, असे काही पेटले होते की शेवटच्या डावात आग विझवायला ठेवलेल्या व्हर्जिलला कुणी विचारेना. जो सुरुवात करी, तोच शेवटही करून येई. गाव खूश, पेपरवाले खूश. व्हर्जिल मात्र रोज मैदानाच्या एका कडेला, राखीव पिचरांच्या वेगळ्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आणि टरफलं थुंकायचा.

"जिंकतोय आपण. तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" शेजारच्या डेलबर्ट प्रुइटने विचारलं.

"तुझं तोंड बघून," व्हर्जिल म्हणाला.

सकाळी मॅनेजर लिंडक्विस्टने, म्हणजे सगळ्यांच्या स्किपने, त्याला बाजूला घेतलं होतं. "बाद फेरीसाठी नावं उद्या द्यायचीत, व्हर्ज. तुझा हात कधीचा पाहिलेला नाही मी. आज वेळ आली आणि टाकलास, तर भांडेन तुझ्यासाठी. नाही आली तर कुठल्या तोंडाने भांडू?" अडतिसाव्या वर्षी पुढचा हंगाम नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आज चेंडू टाकायला उभा होता अमौरी पेगेरो. डोमिनिकन पोरगा, हाडकुळा, हसरा, व्हर्जिलला 'म्हाताऱ्या' म्हणणारा एकटाच. नऊपैकी पाच डाव झाले तरी समोरच्यांना एकही फटका जमला नव्हता. असं चाललं असताना त्या पिचरशी कुणी बोलत नाही. दोन डावांच्या मध्ये तो संघाच्या बाकावर येऊन बसला की शेजारची जागा रिकामी होते. बोललं की दृष्ट लागते, असं हे लोक मानतात. शिकलेले मानतात आणि न शिकलेलेही. सगळा संघ तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

सहाव्या डावात व्हर्जिलला ते दिसलं. वेगवान चेंडू टाकायच्या आधी, चेंडू लपवून धरलेला अमौरीचा ग्लोव्ह मिटलेला असे. संथ, वळणारा चेंडू टाकायचा असला की बोटांची पकड बदलताना ग्लोव्ह पंख्यासारखा पसरे. म्हणजे येणारा चेंडू कुठला, हे आधीच सांगून टाकणं. पाहुण्या संघाचा बाक याच बाजूला, थोडा पुढे. जे व्हर्जिलला दिसलं ते त्यांना दिसायला किती वेळ लागणार?

सांगायला हवं. पण सांगायचं कसं, बोलायचंच नाही ना! हे कारण त्याला फारच सोयीचं वाटलं, आणि सोयीचं वाटलं म्हणूनच तो अस्वस्थ झाला. अमौरीला दोन फटके बसले की स्किप इकडे राखीव बाकावर फोन करणार, आणि मग चेंडू कुणाच्या हातात येणार? व्हर्जिल उठला. बसला. पाणी प्यायला, पुन्हा उठला.

"मुंग्या चावतायत का?" डेलबर्ट म्हणाला. "बस की! एकदा बसलेली जागा आज सोडायची नाही, माहीत आहे ना?"

तो बसला. सातवा डाव तसाच गेला. हेरन्सची एक धाव झाली होती, तेवढीच. आठव्यात पाहुण्यांच्या एकाने संथ चेंडू नेमका वाट बघितल्यासारखा झोडला. रेषेच्या हातभर बाहेर पडला म्हणून वाचले. पाहुण्यांच्या बाकावर दोघं खालच्या आवाजात बोलून हसले. ते हसू व्हर्जिलने पाहिलं. हा संघ त्याचाही होता.

डाव संपताच तो प्रेक्षकांच्या खालच्या बोगद्यातून धावत पलीकडे गेला आणि सरळ अमौरीशेजारी जाऊन बसला. सगळा बाक दचकला.

"ग्लोव्ह पसरतोय तुझा. संथ चेंडूला. त्यांना कळलंय."

"अरे, गप! वेड लागलं का तुला?" कुणीतरी ओरडलं. स्किपने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. अमौरी नुसता आपल्या ग्लोव्हकडे बघत राहिला.

नवव्या डावात त्याने ग्लोव्ह घट्ट मिटून धरला, पण सगळं लक्ष तिथेच. पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस, धावेच्या वाटेतला पहिला टप्पा, फुकट दिला. दुसऱ्याला टाकलेला संथ चेंडू वळलाच नाही, आणि त्याने तो लांब मारला. पहिला फटका. तिसऱ्या बेसवर एक, धावेच्या तोंडाशी, आणि पहिल्यावर एक. स्किपने व्हर्जिलला बोलावलं.

"लावलीस ना दृष्ट? आता निस्तर," चेंडू देत स्किप म्हणाला.

निस्तरलं त्याने. हात आपला उत्तम चालला. एकाला चेंडू दिसलाच नाही, तो बाद. पुढच्याचा चेंडू जमिनीवरून सरपटत सरळ हेरन्सच्या हाती आला, दोघं एकदम बाद, तिघं पुरे झाले, सामना संपला. हेरन्स बाद फेरीत. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले.

त्या गोंधळातून वाट काढत अमौरी आला. "कधी दिसलं तुला ते?"

'आत्ताच' हा शब्द व्हर्जिलच्या जिभेवर आला होता.

"सहाव्या डावात."

"सहाव्यात?" अमौरीचा चेहरा उतरला. "तेव्हाच सांगायचंस रे. दोन डावांत हात बसला असता माझा."

"माहीत होतं मला."

"मग?"

"मला टाकायचं होतं, अमौरी."

तेवढ्यात स्किप आला आणि त्याने व्हर्जिलच्या पाठीत जोरात थाप मारली. "उद्या तुझं नाव जातंय, जा! पण त्या पोराच्या कानाला लागायला तुला कुणी सांगितलं होतं?"

व्हर्जिलने तोंड उघडलं, पण अमौरीच आधी बोलला. "त्याला बोलू नका, स्किप. ग्लोव्ह खरंच पसरत होता माझा. म्हाताऱ्याला दिसलं तसं तो धावत आला सांगायला."

स्किप हसला आणि दुसऱ्या कुणाला मिठी मारायला निघून गेला. अमौरीही वळला. व्हर्जिलने त्याला हाक मारली, पण तो थांबला नाही.