सुट्टीघराचा ठराव

दारिंकाने सुटकेसवर गुडघा टेकवला तेव्हा कुठे रसिमाला चेन ओढता आली. आत अक्रोडाचं सारण भरलेले तीन रोल होते, दारिंकाने पहाटे उठून भाजलेले.

"अगं, बोस्नियात काय उपाशी ठेवणारेत का मला?"

"भाचेसुनेच्या हातचं खाऊन बघ, मग बोल."

दोघी हसल्या. पंचवीस वर्षं त्यांनी शेजारी शेजारी उभं राहून फ्रिजची दारं बसवली होती. आता रसिमाचा भाचा तिला कायमची गावी न्यायला येत होता. दारिंका आज मनातलं बोलली नाही तर ते राहूनच जाणार होतं.

काय दिवस होते ते! कारखाना कामगारांचा, कारभारही त्यांचाच. पाळणाघर, दवाखाना, रस्ता, सगळं सभेत हात वर करून ठरायचं. देश युगोस्लाव्हिया, गरीब बोस्नियाही त्यातच, पण आमच्या स्लोव्हेनियाच्या कमाईचं काय करायचं ते आम्ही ठरवणार, अशी ऐट होती. राजधानी बेलग्रेड लांब होती याचं कुणालाही दुःख नव्हतं.

"रसिमा, अठ्ठ्याहत्तर सालची सभा आठवते? तुझ्या गावाला शाळा बांधून द्यायची, की आपल्याला समुद्रावर सुट्टीघर?"

रसिमा सुटकेसचा पट्टा आवळत राहिली.

"मी सुट्टीघरासाठी हात वर केला गं." दारिंका म्हणाली. "तू मागच्याच रांगेत होतीस. वळून बघायची हिंमत झाली नाही. आपण दर उन्हाळ्यात समुद्रात डुंबलो, आणि तुझे भाचे डोंगर उतरून शाळेत गेले."

"मला दिसला होता तुझा हात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने?" रसिमा कॉटवर बसली. "नवीन होते मी. तुम्हा सगळ्यांचे हात वर गेले. माझा एकटीचा खाली राहिला असता, तर जन्मभर 'ती बोस्नियावाली'च राहिले असते. मीही वर केला. गावी मात्र सांगितलं, शाळेसाठी मी एकटीच भांडले. अजून कौतुक करतात माझं."

जिना चढून रसिमाचा भाचा मिर्साद आत आला. चाळिशीतला, दमलेला. त्याने वाकून आत्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि सुटकेस उचलली.

"काय गप्पा चालल्यात एवढ्या?"

रसिमाने मान वर केली नाही.

"काही नाही रे," दारिंका म्हणाली. "त्या सभेत तुझ्या आत्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं, तेच सांगत होते."