बाकावरची गादी

मुलांनो, असं समजा की तुम्ही धुळ्यातल्या एका अभ्यासिकेत लाकडी बाकावर बसला आहात. पुढ्यात जाडजूड पुस्तक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि सकाळपासून बसून बसून बूड अगदी बधिर झालेलं. अशा वेळी कुणी मऊ गादी आणून दिली, तर नाही म्हणाल का?

कशिशलाही वाटलं होतं, नाही कोण म्हणेल?

कशिश कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे अब्बा, फारुखभाई, गाद्या-रजया भरायचे. पोरीनं सरकारी नोकरीच्या परीक्षा द्याव्यात, एवढीच त्यांची इच्छा. कशिशचंही वेगळं काही म्हणणं नव्हतं. पण यंदा कॉलेजात मृणाली मॅडमचा उद्योजकतेचा तास सुरू झाला आणि पोरीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. जिथंतिथं तिला लोकांच्या अडचणीच दिसायच्या. अभ्यासिकेतले कडक बाकही असेच दिसले. त्यांवर बसायला छोट्या गाद्या करून विकायच्या, असं तिनं अब्बांना सांगितलं.

"एक महिना देतो," अब्बा म्हणाले. "गादी चालली तर तुझं खरं. नाही तर मुकाट्यानं अभ्यासाला लागायचं."

आणि त्यांनी स्वतःच पाच-सहा छोट्या गाद्या शिवून दिल्या. लग्नात लेकीला द्याव्यात तशा, गच्च भरलेल्या. कशिशनं त्या अभ्यासिकेतल्या बाकांवर नेऊन ठेवल्या.

आठवड्यानं कशिश अभ्यासिकेत जाऊन बघते, तर सगळ्या गाद्या कोपऱ्यात. त्यांवर प्रशील नावाचा मुलगा गाढ झोपलेला.

"झोपायला झकास आहेत, ताई," तो डोळे चोळत म्हणाला.

कशिशचं तोंड उतरलं. तसंच घरी निघून जावं, असं वाटलं. पण मॅडम तासाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या: आपल्या मालाची तारीफ करू नका, गिऱ्हाइकाची तक्रार विचारा. ती शेजारी बसली.

"बसायला काय त्रास होतो?"

"उंटावर बसल्यासारखं वाटतं. टेबल खाली राहतं, मान मोडते."

घरी येऊन ती म्हणाली, "अब्बा, कापूस निम्मा करा."

फारुखभाईंची सुई थांबली. "म्हणजे कापूस चोरू? तुझ्या आजोबांनी कधी चोरला नाही."

"चोरायचा कशाला? पातळ म्हणून सांगूनच विकू."

"आणि लोक म्हणतील, फारुखचा हात आखडला."

कशिशनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना अभ्यासिकेत घेऊन गेली, त्यांचीच गादी बाकावर ठेवली आणि म्हणाली, "बसा. हे पान वाचा."

अब्बा ऐटीत बसले. गुडघे टेबलाच्या फळीला खालून आपटले. वाचायला वाकले, तर नाक पुस्तकाला टेकायला आलं.

"काका, वाचताय की वास घेताय?" प्रशीलनं विचारलं. सगळीकडे खसखस पिकली. अब्बांनाही हसू आवरेना.

"गादी चांगलीच आहे," ते उठत म्हणाले. "फक्त लग्नघर सोडून इथं आली."

त्यांनी तिथंच टाके उसवले आणि मूठ मूठ कापूस काढायला लागले. दर मुठीनंतर प्रशीलला बसवायचे. "आता?"

"अजून थोडा, काका."

शेवटी प्रशील बसला, त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचायलाच लागला. "आता?" अब्बांनी विचारलं, ते त्याला ऐकूही गेलं नाही.

"चालली म्हणायची का मग?" अब्बा हळूच म्हणाले.

"इथं सगळे ओळखीचे झाले, अब्बा. अनोळखी माणूस काय म्हणतो ते बघू."

कशिशनं दुसरी गादी तशीच पातळ करून घेतली, काखोटीला मारली आणि रस्त्यापलीकडच्या अभ्यासिकेचं दार ढकललं. आत दिसलेल्या पहिल्याच मुलीला तिनं विचारलं, "जरा बसून बघता का? आणि काय खुपतं, ते सांगा."