गुंडीला बांधलेली चिठ्ठी

दुपटी दोरीवर टाकता टाकता सुनेने तिसऱ्यांदा जांभई दिली, तेव्हा खिडकीपाशी बसलेली थोरली नणंद मान वर न करताच म्हणाली, "चौथी आली की सांग, नोंद करून ठेवते."

सून हसली. त्या घरात रात्रीची झोप नसलेल्या दोघीच. एकीला सात महिन्यांचं बाळ झोपू देत नसे, आणि दुसरीला वर्षापूर्वी संपलेली लढाई. सकाळी चुलीपाशी दोघींची गाठ पडली की थोरली म्हणे, "तुझं बरंय वहिनी. तुझं दूध पिऊन गप्प तरी होतं."

थोरली अडीच वर्षं आघाडीमागच्या इस्पितळात नर्स होती. इस्पितळ कसलं, ती एक शाळा होती. बाकं जोडून खाटा केलेल्या आणि फळ्यावर गणिताऐवजी जखमींचे आकडे. तिथून ती दोन पिशव्या आणि एक खोड घेऊन परतली. दार आपटलं की खाली बसे आणि "स्ट्रेचर, स्ट्रेचर" अशा हाका मारत राही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. फारच असह्य झालं तर झोपेची एक गोळी, आणि रोज लिहायला एक वही. दर गुरुवारी दुपारी तिच्यासारखे आठदहा जण तिथे जमत. कुणी नर्स, कुणी स्ट्रेचर उचलणारे, एक रुग्णगाडीचा ड्रायव्हर. लांब टेबलाभोवती बसून तासभर लिहायचं, वाटलं तर वाचायचं, नाहीतर वही मिटून घरी जायचं. "ड्रायव्हर तासाभरात चार ओळी लिहितो नि तीन खोडतो," थोरली सांगे, "पण गुरुवार चुकवत नाही."

तिच्या स्वतःच्या वहीत मात्र पानोपानी एकच मजकूर होता. तो काय होता हे तिने फक्त वहिनीला, बाळाला पाजत बसलेली असताना, एकदा वाचून दाखवलं होतं.

आघाडीवर जखमीच्या गुंडीला चिठ्ठी बांधायची पद्धत असे. तिचे सहा रकाने: नाव, औषध, किती, किती वाजता, कुणी दिलं, कशासाठी. एकदा एक जवान चिठ्ठीशिवाय आला. वाटेत कुणीतरी त्याला दुखणं थांबवायची सुई टोचली होती, पण ते लिहिलं नव्हतं. पेन्सिल नसेल किंवा वेळ नसेल. तो कण्हत होता. थोरलीने तीच सुई पुन्हा टोचली. अर्ध्या तासात, ती मोजत असतानाच, त्याचा श्वास मंद होत होत थांबला. दोन हातांनी मायाच केली होती, पण मधे कागद नव्हता. त्या जवानाची पहिली चिठ्ठी, जी कुणी लिहिली नाही, ती थोरली आता रोज लिहीत असे. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढा रकाना मोकळा राही.

"लिहिल्याने काय होतं हो, वन्सं?" सुनेने विचारलं होतं.

"काही होत नाही. हात तेवढा वेळ थरथरत नाही."

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. लोकांचे कपडे शिवून त्यांनी एकटीने तीन पोरं वाढवली होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे एक सूत्र त्यांनी आयुष्यभर घट्ट धरलं होतं. धाकट्या मुलीची दोन स्थळं मोडली होती. एकांच्या कानावर गेलं होतं, की मोठीच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसरे म्हणाले, अडीच वर्षं परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारी बाई ज्या घरात, त्या घरची मुलगी नको. लढाई संपली तेव्हा चौकात उभं राहून याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवायला काही पडत नाही. सोयरीक म्हटली की हात आखडतात.

तिसरं स्थळ गुरुवारी चार वाजता येणार होतं. सासूबाईंनी धाकटीच्या माहितीचा कागद सुबक अक्षरात लिहून घेतला. उंची, शिक्षण, आवडीनिवडी. भावंडांच्या पुढे लिहिलं होतं, 'एक भाऊ'. धाकटीने ते वाचून आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवत राहिली.

बुधवारी त्यांनी सुनेला बाजूला घेतलं. उद्या थोरलीने टेबलाभोवती लिहायला वगैरे जायचं नाही. मागच्या खोलीत झोपून राहायचं. दुपारी अडीचला दुधातून दोन गोळ्या द्यायच्या, तुझ्या हातचं ती नाकारत नाही. सुनेने परगावी असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आई म्हणते तसं कर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

एका दिवसाचा प्रश्न. सुनेच्या मनात आलं, की नाही म्हणावं. पण बाळ रडत होतं, कणीक भिजायची होती, रात्रीची झोप डोळ्यांत साठली होती, आणि नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. ती गप्प राहिली. गप्प राहिलेल्या बाईचा होकार धरायची आपली जुनी रीत आहे.

गुरुवारी अडीचला तिने दुधात साखर जास्त घातली. थोरली खाटेवर कलंडली होती, डोळे जड झाले होते. रात्रीचं जागरण, सुनेला वाटलं.

"आज गुरुवार ना गं?" थोरली पुटपुटली.

"हो. पुढच्या गुरुवारी जाऊ आपण. घ्या, दूध घ्या."

थोरलीने दोन्ही हातांनी पेला धरला आणि लहान मुलासारखं सगळं दूध संपवलं. सुनेला तिच्याकडे बघवेना. पेला घेऊन ती बाहेर आली आणि तो गरज नसताना दोनदा घासला.

पाहुणे वेळेवर आले. मुलाची आई, मामा आणि स्वतः मुलगा. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, धाकटी मान खाली घालून बसली होती. सून बाळाला कडेवर घेऊन चहा गाळत होती, तेवढ्यात सासूबाई आत आल्या. चेहऱ्यावर कधी नव्हे ती सैल झालेली रेघ. हळूच म्हणाल्या, "सगळं सुरळीत चाललंय बघ. थोरली हूं की चूं करत नाही. जेवण झाल्या झाल्या, एक वाजताच दिल्या मी तीन गोळ्या."

सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"तुम्ही दिल्या?"

"तुझं मन मऊ. ऐनवेळी कच खाशील म्हणून मीच दिल्या. तुला सांगायचं राहिलं."

"आई, मी अडीचला दिल्या."

तीन नि दोन, पाच. जिथे एक द्यायची, तिथे पाच. दोन बायका, दोन पेले, आणि मधे कागद नाही.

सून मागच्या खोलीत धावली. थोरली उताणी पडली होती, ओठ फिकट. हाक मारली, गाल थोपटले, पण पापणी हलेना. वहीतल्या गोष्टीत श्वास मोजल्याचं सुनेला आठवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती मोजायला लागली. मिनिटभरात सात. तिने थोरलीला कुशीवर वळवलं आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. जवळ दुसरा कागद नव्हता. धाकटीच्या माहितीची एक जादा प्रत पडली होती, तीच पालथी केली. नाव. औषध. किती. किती वाजता. कुणी दिलं. भराभर लिहून चिठ्ठी थोरलीच्या गुंडीला दोऱ्याने बांधली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "अर्धा तास," त्या म्हणाल्या. "अर्धा तास कळ काढ गं. ते उठतील, मग आपण दोघी नेऊ तिला. धाकटीचं आयुष्य आहे हे."

"आणि हे कुणाचं आहे, आई?"

घराला दार एकच, तेही बाहेरच्या खोलीतून. सून बाळाला कडेवर घेऊन पाहुण्यांच्या मधून निघाली, तशी मुलाची आई काळजीने म्हणाली, काय झालं, बाळाला बरं नाही का? सासूबाई मागून घाईने हो म्हणाल्या. बाळ पाहुण्यांकडे बघून बोळकं पसरून हसत होतं.

सून थांबली. सगळं आयुष्य 'हो आई' म्हणण्यात गेलेल्या बाईला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नसते.

"बाळ बरं आहे," ती म्हणाली. "आत माझी थोरली नणंद आहे. लढाईत नर्स होती. तुम्हाला ती दिसू नये म्हणून आम्ही दोघींनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या. जास्त झाल्या. मी डॉक्टर आणायला चालले आहे."

मग धाकटी उठली. नव्या साडीचा पदर कमरेला खोचून तिने वहिनीकडे हात पसरले. "बाळाला मी धरते. तू पळ."

समोरच्या औषधांच्या दुकानावर डॉक्टर राहत. ते आले, चिठ्ठी वाचली आणि एकही प्रश्न न विचारता गाडी बोलावली. मोठ्या इस्पितळातही तेच झालं. कुणी काय दिलं, किती वाजता दिलं, हे विचारण्यात वेळ गेला नाही. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, तेवढाच वेळ हातात होता.

पाहुणे कधी गेले, कुणाला कळलं नाही. चहा कपांत थंड झाला होता. चार दिवसांनी निरोप आला, योग दिसत नाही. धाकटीने तो शांतपणे ऐकला, माहितीचा कागद काढला आणि 'एक भाऊ' याच्यापुढे 'एक बहीण, नर्स' असं लिहिलं. "आता येईल तो हे वाचून येईल," ती म्हणाली. "न येणाऱ्यांचा चहा वाचेल."

थोरली दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आली होती. खाटेच्या एका बाजूला सून बाळाला मांडीवर घेऊन पेंगत होती, दुसऱ्या बाजूला सासूबाई. थोरलीचा हात गळ्याशी गेला. चिठ्ठी कुणी सोडली नव्हती. तिने ती चष्म्याविना, लांब धरून, सावकाश वाचली. आईचं नाव वाचलं, वहिनीचं वाचलं. सून जागी झाली आणि तिला रडू फुटलं.

थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वेळ बरोबर लिहिलीस," ती म्हणाली. "अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता येतं." मग तिचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "हा मोकळा का?"

'कशासाठी' याच्यापुढे सुनेने काही लिहिलं नव्हतं. घाईत सुचलं नव्हतं, आणि आताही सुचत नव्हतं.

तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला आणि पेन्सिल मागितली. सुईची सवय असलेली ती बोटं पेन्सिलीवर अवघडली. कागद मांडीवर ठेवून त्यांनी तो तळव्याने सपाट केला. बाळाने एकदा त्यांच्या बांगडीला हात घातला, तो त्यांनी सोडवला नाही. शेवटी एकेक अक्षर दाबून त्यांनी तो रकाना भरला आणि चिठ्ठी मुलीच्या हातात दिली.

तिथे लिहिलं होतं, 'लोक काय म्हणतील म्हणून.'