न भिजलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना बुचांचा पट्टा आहे. जहाज बुडू लागले की खलाशाने मला छातीला बांधायचे आणि मी त्याला पाण्यावर तरंगत ठेवायचे, एवढेच माझे काम. पण ज्याच्यासाठी मी होतो, त्याच्या मी कामी आलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझे कौतुक करणार नाही.

जाड कापडाच्या आठ खणांत आठ बुचे भरून मला शिवले. मालवाहू जहाजावर मी एका एकोणीस वर्षांच्या खलाशाच्या वाट्याला आलो. पोरगा मोठा गमत्या होता. मला उशाला घेऊन झोपायचा आणि म्हणायचा, "गादीपेक्षा हाच बरा!" त्या ओढाताणीत माझा एक बंद तुटला. तेव्हा युद्ध पेटले होते. सुटीत तो मला घरी घेऊन आला.

त्याची आई शिवणकाम करायची. तिने मला उलटेपालटे करून पाहिले.

"आई, नुसता बंद लावून दे गं."

"कापड विरलंय सगळं. नीटच शिवते. घाईचं काम मला जमत नाही."

तिने मला उसवले आणि बुचे खिडकीत वाळत ठेवली. मऊ उन्हात मी सुखावलो. त्यातच निरोप आला, जहाज गुरुवारी नाही, आजच दुपारी निघणार.

"थांब रे, तासाभरात देते."

"राहू दे. जहाजावर एक जादाचा आहे. हा पुढच्या खेपेला नेईन."

तो गेला. खरे सांगतो, मला बरे वाटले. खारे पाणी टळले, घरची ऊब मिळाली. मी अंग चोरले, मित्रांनो. उसवलेल्या पट्ट्याच्या हातात काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण मला बरे वाटले, ते काही केल्या पुसले जात नाही.

दीड महिन्याने जहाजावरचा आचारी दारात उभा राहिला. काखेत पट्टा होता. दुसऱ्या जहाजावर निघाला होता, पण त्याआधी सांगायला आला होता.

"सुरुंग लागला, ताई. माझा पट्टा खाली स्वयंपाकघरात अडकला. पोरानं अंगावरचा काढून मला बांधला. म्हणाला, घ्या काका, माझा घरी आहे, आईकडे."

मी तिथे असतो, तर दोघांना दोन पट्टे झाले असते. आईने खिडकीकडे पाहिले. बुचे अजून तिथेच होती. तिला रडू फुटले नाही. तिने आचाऱ्याच्या काखेतला पट्टा ओढून घेतला आणि बंद ताणून पाहिला.

"हाही उसवलाय. बसा. आत्ता देते."

तिने तिथल्या तिथे बंद शिवला. तो गेल्यावर तिने मलाही शिवले. पुढे युद्ध संपेपर्यंत तिच्या दारी आलेला एकही पट्टा तिने दुसऱ्या दिवसावर टाकला नाही.

आज मी तिच्या लेकीच्या मुलीच्या घरी खुंटीवर आहे. मुले येतात आणि म्हणतात, "केवढा जुना, तरी किती छान राहिलाय!" मला मान वर करवत नाही. मित्रांनो, काही उसवलेले दिसले, तर आजच दोन टाके घाला, वाकडे पडले तरी चालतील. माझे टाके बघा, किती सरळ आहेत. मी अजून एकदाही भिजलेलो नाही.