भिंतीने घेतलेला डोस

टिनाच्या गल्लीत कॉलऱ्याची लस सगळ्यांत जास्त कोणाला मिळाली असेल, तर बंद पडलेल्या रेशन दुकानाच्या मागच्या भिंतीला. चव्वेचाळीस गड्यांच्या वाट्याचे डोस तिने एकटीने घेतले. तोंड वाकडं केलं नाही, पाणी मागितलं नाही. बोटाला शाई लावायची तेवढी राहिली.

पण हे वच्छलाला कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

वच्छला गल्लीची 'आशा' सेविका. कळमन्याच्या बाजाराला खेटून असलेल्या ह्या गल्लीत कोणाचं पोट दुखतं आणि कोण कामावर दांडी मारायला पोट दुखवून घेतं, हे तिला चालण्यावरून ओळखता यायचं. मागच्या गल्लीत नाल्यातून जाणारा नळाचा पाइप कुठेतरी फुटला होता. अकरा जण दवाखान्यात गेले, दहा परत आले. पाइप शोधणारी माणसं रस्ता खोदत होती, दर दोन दिवसांनी नव्या ठिकाणी, आणि दर वेळी चुकीच्या. तोवर आजूबाजूच्या वस्त्यांना तोंडाने घ्यायची लस द्यायचं ठरलं. सुई नाही, दुखणं नाही. बोटाएवढी बाटली तोंडात ओतायची, गिळायची. दोन आठवड्यांनी पुन्हा एक.

पहिल्या दिवशी विहाराच्या ओसरीत रांग लागली. बायांनी डोस घेतला आणि वच्छलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मासोळ्या धुतलेलं पाणी पाजून राहिली का वं?" म्हणून सिंधूताईने दोन वेळा कानशिलं दाबली. पोरांनी भोकाड पसरलं. गडी मात्र वाघासारखे आले. आ केला, डोस घेतला, बोट पुढे केलं, शाई लावून घेतली आणि ओठ मिटून, मान वर करून निघून गेले. एकानेही चवीबद्दल ब्र काढला नाही. वच्छलाला भरून आलं. बाप्ये माणसं एवढी सोशिक असतात, हे तिला लग्नाच्या सव्वीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून ती रेशन दुकानाच्या मागून निघाली आणि थबकली. भिंत तशी वर्षानुवर्षं लालच होती. पण आज तिच्यावर नवे ओघळ होते, ओले, नेहमीपेक्षा पातळ. ओळीने. जणू इथेही रांग लागली होती.

वच्छलाने पोतं खाली ठेवलं आणि ओघळाला बोट लावून पाहिलं.

गल्लीतल्या गड्यांच्या गालात सकाळी उठल्यापासून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोट-घोट घोटायचा, गालात ठेवायचा आणि मग दिवसभर आभाळाकडे तोंड करून बोलायचं. हमालीही तशीच, भांडणंही तशीच. पोरीच्या लग्नाची बोलणीसुद्धा. तोंडात आलेला रस गिळायचा नाही, थुंकायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. लस गालात गेली, खर्र्याला भेटली आणि दोघं मिळून भिंतीवर गेली.

देवराव तिथेच ओट्यावर बसला होता. बाजाराच्या यार्डात तीस वर्षं हमाली केलेला, गल्लीत वजनाचा माणूस. तो जे करेल ते बाकीचे करायचे.

"भाऊजी, सकाळी तुम्ही डोस थुकला का?"

"ऊं?" देवरावने मान वर केली.

"तोंड खाली करून बोला."

त्याने आधी थुंकून घेतलं. मग म्हणाला, "म्या नाही थुकला वं वच्छला. थुकल्या गेला."

"थुकल्या गेला म्हणजे?"

"म्हणजे मले गिळाचाच होता. पण तोंडानं ऐकलं नाही. आता तोंडाले कोण समजावन?" मग जरा आवाज चढवून, "आन काहून गिळाचा? पाइप फुटला त्याहिचा, औषध प्याचं आमी?"

प्रश्न खराच होता. वच्छला म्हणाली, "पाइप सापडेपर्यंत पोट तं आपलंच आहे ना, भाऊजी."

नऊ वर्षांपूर्वी देवरावच्या बायकोला, गोपिकाला, सकाळी जुलाब लागले आणि दिवेलागणीला ती नव्हती. ऑटो गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं आटपलं होतं. तिच्या ओठांना चमच्याने पाणी लावणारी वच्छलाच होती. ते दोघांनाही आठवत होतं, म्हणून दोघांनीही ते काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर गुंजनकडे गेली. गुंजन तिच्या पोरीच्या वयाची, चार वस्त्या आणि एक बिघडलेला फ्रीज सांभाळून दमलेली.

"ताई, तुमची गल्ली शंभर टक्के झाली! सोमवारी शाल-नारळ आहे तुम्हाले."

"शाल भिंतीले घाला, म्याडम," वच्छला म्हणाली आणि सगळं सांगितलं.

गुंजनने कपाळ धरलं. "अहवाल वर गेला ना, ताई."

"मंग खाली आणा."

"वर गेलेलं खाली येत नाही. हे बघा." तिने कॉम्प्युटर फिरवला. "डोस का नाही घेतला, त्याची कारणं. घरी नव्हते. आजारी. नकार. थुंकला, असं इथं नाहीच."

"पण थुकला ना त्याहिनं."

"मले समजते. पण कागदावर त्यांचा एक डोस झाला. पुढच्या फेरीत दुसरा झाला की त्यांचं नाव बंद. खरं तं तो त्यांचा पहिलाच असंन. एकानं थोडे दिवस निभते, जास्त दिवस टिकाचं असंन तं दोन पोटात पाहिजे."

"मंग तिसरी बाटली द्या."

गुंजन वाईट नव्हती, फक्त कॉम्प्युटरच्या अलीकडे बसली होती. "एकच रस्ता आहे. प्रत्येकानं लिहून द्यावं, की मी डोस थुंकला. सहीनिशी. मग मी वर भांडते."

वच्छला चव्वेचाळीस कोरे अर्ज घेऊन गल्लीत आली आणि गल्लीत हाहाकार झाला.

"थुकलो म्हणून लिहून देऊ?" अश्विन ओरडला. तो ई-रिक्षा चालवायचा आणि पेपर वाचायचा. "रस्त्यावर थुकल्याचा दंड आहे, काकू! सहीनिशी गुन्हा कबूल कराचा का?"

"मले तं वाटते, भिंत रंगवाचा खर्च काढून राहिले आपल्याकडून," ताराचंद म्हणाला. तो सिंधूताईचा नवरा. कुठल्याही गोष्टीत त्याला आधी खर्च दिसायचा.

देवरावने अर्ज घडी करून खिशात, खर्र्याच्या पुडीशेजारी ठेवला. तो सही करत नाही म्हटल्यावर कोणीच केली नाही. एका कबुलीवर चव्वेचाळीस माणसं अडून बसली. वच्छला दारोदार फिरली. सगळ्यांनी चहा पाजला, सही कोणी दिली नाही. सोमवारी शाल आणि नारळ मिळाला. नारळ तिने फोडला, शालीकडे बघवेना म्हणून ट्रंकेत टाकली.

दुसरी फेरी आली. निदान ही बाटली तरी पोटात जायला पाहिजे होती. वच्छला रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी विहाराच्या ओसरीत खुर्ची टाकून बसली. शेजारी पाण्याची बादली.

"गडी माणसाहिले नवा नियम," तिने जाहीर केलं. "पहिले चूळ भरा. खर्रा बाहेर. मंग डोस. आन डोस घेतल्यावर इथंच, माह्यासमोर, बायकोचं नाव घ्याचं. उखाण्यात."

उखाणा म्हणजे तोंड उघडणं आलं. गालात काही धरून बायकोचं नाव घेता येत नाही. घेतलंच तर ते तिच्या अंगावर उडतं.

"हे सरकारी आहे का?" ताराचंदने विचारलं.

"हाव. वरून आलं," वच्छला बेधडक म्हणाली. वरून आलेल्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारत नाही, हे ती दोन आठवड्यांत शिकली होती.

बातमी फुटली. बाया हातातली पोळी तव्यावर टाकून आल्या. अश्विनने चूळ भरली, डोस घेतला, डोळे मिटून गिळला, शहारला आणि म्हणाला,

"कळमन्याच्या यार्डात संत्र्याच्या राशी,
मेघा आली घरात, तवापासून मी उपाशी!"

"घरी ये, दावते तुले उपाशी!" मेघाचा आवाज आला.

ताराचंदची पाळी. त्याने आयुष्यात बायकोला 'अवं' सोडून काही म्हटलं नव्हतं. तीन वेळा घसा खाकरला.

"रामटेकच्या गडावर वांदराची टोळी,
सिंधूनं केली तं खातो, जळकीही पोळी."

सिंधूताईने पदर तोंडावर घेतला. ती हसत होती की जळक्या पोळीचा हिशेब करत होती, कळलं नाही. एकेक जण असा लाजत, अडखळत, गिळत गेला. भिंत त्या दिवशी कोरडी राहिली.

शेवटी देवराव आला. नियम करताना हा एक माणूस वच्छलाच्या लक्षातच आला नव्हता.

"भाऊजी, तुम्ही राहू द्या. नुस्तं तोंड दाखवा."

"काहून? मले बायको नव्हती का?"

त्याने चूळ भरली. डोस घेतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग तो बादलीकडे बघत म्हणाला,

"घरी आला नळ, दारी आलं पाणी..."

पुढची ओळ त्याने दोनदा धरली, दोनदा सोडली.

"गोपिका... गोपिका पाण्यानं गेली."

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"जुळत नाही वं," देवराव म्हणाला. "नियम तं तू आज केला, म्या पंधरा दिवसापासून तिचं आन पाण्याचं जुळवून राहिलो. सही करतो म्हटलं की तिचं मरण आठवते. तिले वाचवाले नऊ वर्षाआधी असली बाटली कोणी आणली नाही. आन आता आणली तं म्या भिंतीले पाजली." त्याने खिशातून घडी केलेला अर्ज काढला. कोपरा खर्र्याने लाल झाला होता. "पेन दे."

त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: थुकला. खाली सही केली. मग पेन अश्विनकडे दिला.

"दंड लागंन ना, काका..."

"लागंन तं मी भरतो. लिह्य."

दुपारपर्यंत चव्वेचाळीस अर्ज झाले. सगळ्यांनी देवरावचंच वाक्य उतरवलं, फक्त ताराचंदने खाली लिहिलं, 'भिंतीच्या रंगाचा खर्च देणार नाही.' गुंजनने तो गठ्ठा घेऊन तीन दिवस वर भांडण केलं. शेवटी कॉम्प्युटरमध्ये 'इतर' नावाचा एक कोपरा सापडला आणि टिनाची गल्ली शंभरवरून एकोणऐंशी टक्क्यांवर आली. वच्छलाला खुलासा मागणारं पत्र आलं. तिने ते शालीच्या घडीत ठेवलं.

पाइपही त्याच आठवड्यात सापडला. जिथे पहिल्यांदा खोदून बुजवलं होतं, त्याच्या दोन हात पलीकडे. तरी वच्छला घरोघरी सांगत राहिली, पाणी उकळूनच प्या. दोन हातांचा भरवसा नसतो.

आणखी दोन आठवड्यांनी गड्यांसाठी वेगळी फेरी आली. देवराव सगळ्यांच्या आधी ओसरीत हजर. त्याने खिशातून खर्र्याची पुडी काढून वच्छलाच्या हातात दिली.

"धर पाच मिनिटं. फेकू नको."

"उखाणा?"

"अजून जुळवूनच राहिलो," तो म्हणाला आणि आ केला.