भिवराबाईच्या गुडघ्याचा घोर

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. आरामात बसायची नव्हे हं मित्रांनो, मांड्या कमावायची! बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बद्रीनाथ फिटरनं मला तिथल्या व्यायामशाळेसाठी घडवलं. नडगी दांड्याखाली घालायची आणि पाय सरळ करत वजन उचलायचं. माझी खरी करामत वजनाची साखळी ओढणाऱ्या चाकात. ते गोल नाही, अंड्यासारखं आहे. वाकलेला गुडघा दुबळा, म्हणून ते सुरुवातीला वजन हलकं करतं. मध्ये पायाला जोर येतो, तेव्हा जड. कामगार मांडी थोपटत उठायचे, तेव्हा माझा ताठा काय वर्णावा!

मग दुष्काळ पडला. ऊस नाही, कारखाना बंद. माझ्यावर गुरांच्या छावणीचा कडबा रचला आणि मी गंजत पडले.

यंदा परजिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी भिवराबाई बद्रीनाथकडं आली. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिचा गुडघा मुरगळला होता. तोडीला नवरा-बायको जोडीनंच नेतात. ती राहिली तर नवरा शहादेवही मागे राहणार. आणि गावात तर प्यायला पाणी नाही! मुकादम भगवानरावांनी बजावलं होतं, "दसऱ्याला फळी चढून दाखवा, मगच गाडीत बसा."

बद्रीनाथनं मला झाडलं, पुसलं. पण जन्मभर ऊस गाळणारा माणूस तो, माझी करामत विसरला! म्हणाला, "वहिनी, पहिल्या चरकातच जास्ती रस निघतो. जोर बी सुरवातीलाच पायजे." आणि त्यानं माझं चाक उलटं बसवलं. अरे देवा! जिथं गुडघा दुबळा, तिथंच सगळं ओझं. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

ती रोज दातओठ खाऊन जोर लावायची. पाय हलायचा नाही. गुडघा सुजला. 

दसरा तोंडावर आला तशी ती रडली, "भाऊ, माज्या पायात दमच राह्यला न्हाई."

शहादेव भडकला, "कावून रडवता तिला? तुमी बसून बघा की एकदा!" आणि तिला घेऊन गेला.

मागे बद्रीनाथ एकटाच माझ्यावर बसला. त्याचाही पाय तिथंच अडकला. मुकाट्यानं त्यानं चाक पूर्वीसारखं केलं. भिवराबाईला बोलावून आणलं, पण काही सांगितलं नाही. सूज उतरली, पाय उचलू लागला. दिवस मात्र थोडे उरले होते.

दसऱ्याला व्यायामशाळेच्या दारासमोरच ट्रकला फळी लावली. भिवराबाई भारा घेऊन चढली. मुकादमानं मान डोलावली. उतरताना तिनं गुडघा घट्ट धरला, ते त्याला दिसलं नाही. मला दिसलं.

निघताना ती म्हणाली, "भाऊ, माजाच पाय नाजूक. तुमाला लई तरास दिला."

बद्रीनाथ खाली बघत राहिला. मला बोलता येत नाही मित्रांनो, त्याला येत होतं!

आता तिकडं रोज मोळी, रोज फळी. मला तेलपाणी करा, गंज खरवडा. पण कुणाचा पाय उचलला नाही, तर आधी माझं चाक बघा. आणि त्या उसाच्या फडाकडं कुणी गेलंत, तर तिला एवढं सांगा : बाई, पाय नाजूक नव्हता.