झिजलेलं डावं चाक

"बाई, लेकराचा डावा पाय एकदा कोनाले तरी दाखवून घ्या. चाक खोटं नाई बोलत."

डोमा वाढई असं म्हणाला तेव्हा निर्मलाबाई ओसरीवर दूध गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "लाकूड ओलं असेल, डोमाभाऊ," त्या म्हणाल्या. "चाक झिजलं म्हणून कुणी लेकराचा पाय दाखवतं का?"

मित्रांनो, ते चाक माझं होतं. म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्कही माझाच. मी तीन चाकांचा पांगुळगाडा. आता जुना झालो आहे.

डोमाने मला नाकाडोंगरीत घडवलं, बाहत्तर साली. तो गावचा सुतार. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. अंग शिवणीचं, म्हणजे हलकं. चाकं तिवसाची, म्हणजे चिवट. दांड्यावर त्याने दोन राघू कोरले. एका राघूची चोच पहिल्याच आठवड्यात एका लेकराने चावून टाकली.

आमच्या गावात पांगुळगाडा कुणा एका घराचा नसतो. ज्या घरचं लेकरू चालायला लागलं, त्या घराने माझ्या दांड्याला मूठभर लाह्यांची पुरचुंडी बांधायची आणि मला पुढच्या घरी नेऊन द्यायचं. एका घरी तीन महिने, फार तर चार. नऊ वर्षांत मी चौदा लेकरं चालती केली. कुणी मला भिंतीवर आदळलं, कुणी बैलासारखं हाकललं. पण माझी दोन्ही मागची चाकं सारखीच झिजत गेली.

एक्याऐंशी साली मी टेकचंद गुरुजींच्या घरी आलो. त्यांची मुलगी चारू तेव्हा चौदा महिन्यांची होती.

चारूची आई निर्मलाबाई भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या. पहिलंच लेकरू, त्यामुळे जीव कायम टांगणीला. पाणी वीस मिनिटं उकळायच्या. चारूने किती चमचे भात खाल्ला ते वहीत लिहायच्या. मला घरात घेण्याआधी त्यांनी माझ्या दांड्यावरून हात फिरवून प्रत्येक कुसळ काढलं. आजवर इतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं.

चारूला दहाव्या महिन्यात मोठा ताप येऊन गेला होता. नंतर थोडे दिवस डावा पाय लुळा पडल्यासारखा वाटला, मग हलू लागला. तापाचा अशक्तपणा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. निर्मलाबाईंनी वहीत 'पाय बरा' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

पण मला कळत होतं. चारू उजवं पाऊल टाकायची तेव्हा मी सरळ जायचो. डाव्याची पाळी आली की ती अंगाचा सगळा भार माझ्या डाव्या बाजूवर टाकायची. टाच टेकायचीच नाही, नुसता चवडा. दोन महिन्यांत माझं डावं चाक कडेला पातळ झालं. तेव्हाच डोमाने निर्मलाबाईंना पाय दाखवायला सांगितलं होतं, आणि आपल्या लाकडाला नाव ठेवून घेऊन तो परत गेला होता. चाक मात्र त्याने नवं बसवलं, एका जुन्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाळीस वर्षं वाळलेल्या लाकडाचं.

चारूची आजी गोदावरीबाई दर शनिवारी माझ्या आसाला तेल घालायच्या. "गाडा हलका चालला का पोर्गी पयते," असं त्यांचं म्हणणं. मी हलका चालायचो आणि चारू माझ्यामागे चवड्यावर ओढली जायची. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. गाड्याला स्वतःहून थांबता येत नाही.

पाच महिने झाले. शेजारच्या कुंताबाईंचा मुलगा उभा राहू लागला होता आणि माझी वाट पाहत होता. कुंताबाई कुंपणावरून विचारायच्या, "काहून जी निर्मलाबाई, गाडा अंड्यांवर बसला काय तुमच्या घरी?"

निर्मलाबाई हसून वेळ मारून न्यायच्या आणि आत येऊन चारूचे पाय चाचपायच्या. दोन्ही पाय सारखेच आहेत असं स्वतःला समजवायच्या. शेवटी एका सकाळी त्यांनी लाह्यांची पुरचुंडी माझ्या दांड्याला बांधली. लोकांच्या तोंडाला लागण्यापेक्षा गाडा देऊन टाकू, आज ना उद्या चालेल पोरगी, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

त्याच सकाळी डोमा माझं चाक पाहायला आला. त्याने बंडीच्या लाकडाचं ते चाक काढलं. खिशातून पहिलं, जुनं चाक काढलं. दोन्ही ओसरीच्या कडेला शेजारी शेजारी ठेवली आणि निघून गेला.

दोन्ही चाकं एकाच जागी, एकाच बाजूने झिजली होती.

निर्मलाबाईंनी दोन्ही चाकं एकमेकांवर ठेवून पाहिली. मग उठून त्यांनी लाह्यांची गाठ सोडली आणि बंडीच्या लाकडाचं चाक परत माझ्या आसावर ठोकून बसवलं.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर मंगळवारी यायचे. तीन मंगळवार आलेच नाहीत. चौथ्या मंगळवारी आले, गर्दीत चारूची जीभ पाहिली आणि म्हणाले, "येईल चालायला. काही मुलं उशिरा चालतात." निर्मलाबाईंनी तुमसरच्या केंद्राबद्दल विचारलं. तिथे नागपूरच्या एक बाई दर गुरुवारी येतात, हातापायांची कसरत घेतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "तशी गरज नाही," म्हणत डॉक्टरांनी पुढच्याला बोलावलं.

घरी गुरुजी म्हणाले, "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिथं कोनी हात नाई लावत. वापस यायचं हाय तर जायचं कायले?"

"वापस आले तर आले," निर्मलाबाई म्हणाल्या. "पण पाय दाखवला नाही असं मला वहीत लिहायचं नाही."

चारू अनोळखी माणसापुढे माझ्याशिवाय पाऊल टाकत नसे. म्हणून गुरुवारी मलाही एस.टी.च्या टपावर चढवलं. कंडक्टरने विचारलं, "याचं अर्धं तिकीट फाडू का?"

तुमसरचं ते केंद्र म्हणजे एका धर्मादाय संस्थेच्या दोन खोल्या. दाराशी भैयाजी नावाचे शिपाई स्टुलावर बसलेले.

"चिठ्ठी कुठी हाय डॉक्टरची?"

"नाही."

"मंग कसं जमन बाई? ज्यानं त्यानं असंच आलं त बाईनं कोनाकोनाले पाहावं?"

 आपण चोरून आलो आहोत असं निर्मलाबाईंना वाटू लागलं. चारू खांद्यावर झोपली होती. त्या मला उचलून परत फिरल्या, आणि माझं डावं चाक निखळून गडगडत आतल्या खोलीत गेलं. निर्मलाबाईंनी घरी बसवलेलं ते चाक सैलच राहिलं होतं.

आतून एक सावळ्या, उंच बाई ते चाक हातात घेऊन आल्या. याच नागपूरच्या मंगलाबाई, फिजिओथेरपिस्ट. चाकाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मला उलटं करून उजवं चाक पाहिलं.

"लेकराचा डावा पाय ना?" त्यांनी विचारलं. "ताप कधी आला होता?"

निर्मलाबाई उंबऱ्यातच रडू लागल्या.

"चिठ्ठी नाही आणली मी," त्या म्हणाल्या.

"दिसतंय. पण पाय आणलाय ना? बसा."

भैयाजी पुटपुटले, "मले काय, मी सांगाचं काम केलं."

मंगलाबाईंनी चारूची टाच तळहातावर घेतली, गुडघा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. हा तापातला पोलिओ, पायात ताकद अजून बरीच आहे, पण टाचेची शीर आखडत चालली आहे, असं त्यांनी सांगितलं. "हातांनी होण्यासारखं आहे. आणखी वर्षभर थांबला असता, तर नुसत्या हातांनी भागलं नसतं." मग त्यांनी एक कागद घेतला. "कसरत आजपासून सुरू. पण डॉक्टरांनीही बघायला हवं. तुम्हाला चिठ्ठी मिळाली नाही ना? आता मीच भंडाऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि याचं तेल बंद. हा जड चालला पाहिजे. याच्यावर धानाची पिशवी बांधा."

त्या दिवसापासून मी कुरकुरू लागलो. अंगावर धानाची पिशवी, आस कोरडा. कुंताबाई म्हणाल्या, "आता त गाडा रडून राहिला." पण चारूला मला ढकलण्यासाठी टाच टेकावी लागे.

रोज तीनदा टाच हातात धरून पाऊल हळूच वर दाबायचं, दहा आकडे होईपर्यंत. गोदावरीबाईंना आकडे जमत नसत. त्या धानाच्या जातींची नावं घ्यायच्या. "लुचई, हिरानक्की, चिन्नोर, दुबराज, काळी कमोद…" नावं संपेपर्यंत पाय धरायच्या. एकदा निर्मलाबाई म्हणाल्या, "सासूबाई, दहापेक्षा जास्त झाली." त्या म्हणाल्या, "होऊ दे. मह्या नातीच्या पायाले काय कमी धान हाय काय?"

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रात्री पायाला बांधायची फळी दिली. गुरुवारमागून गुरुवार गेले. तिसऱ्या वर्षी एका दुपारी चारू मला अंगणातच सोडून विहिरीपर्यंत चालत गेली. टाच टेकवत. दमली की डावं पाऊल आजही थोडं घासतं. पण ती चालते, मित्रांनो.

लाह्या बांधून मी कुंताबाईंकडे गेलो. त्यांचा मुलगा एव्हाना पळत होता, म्हणून मला गोठ्यात टाकलं. शहाऐंशी साली गुरुजींची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दिघोरीला झाली, तेव्हा निर्मलाबाई मला शोधत आल्या. माझ्यावर खरोखरच एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. दोन चाकं गेली होती, राघूंना वाळवी लागली होती.

त्यांनी मला डोमाकडे नेलं. त्याने नवी चाकं बसवली, पण हातोडा डाव्या हातात धरून. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. माझ्या आसातली खुंटी वाकडी बसली. डोमाच्या हातची खुंटी कधी वाकडी बसत नाही.

निर्मलाबाईंनी ती खुंटी पाहिली. या खेपेला त्यांनी लाकडाला नाव ठेवलं नाही.

"डोमाभाऊ, खांदा कधीपासून असा आहे? तुमसरला जा, मंगलाबाईंकडे."

"मले कोन चिठ्ठी देईन बाई?"

"तुम्ही दोन चाकं ठेवली होती ओसरीवर, तीच माझी चिठ्ठी झाली. तुम्हाला कशाला हवी?"

"जाईन जी. धान निघू द्या."

तेव्हापासून दोन वेळा धान निघालं. आता मी दिघोरीत लेकरं चालवतो. लहान मित्रांनो, एवढंच लक्षात ठेवा, काम झाल्यावर मला पावसात टाकू नका. आणि माझं एखादं चाक वेगळं झिजलेलं दिसलं तर घरी सांगा.

डोमाला लिहिता येत नाही. निर्मलाबाईंच्या तीन पोस्टकार्डांचं उत्तर आलेलं नाही. नाकाडोंगरीकडे जाणारं कुणी भेटलं की त्या मला मांडीवर उलटं घेऊन ती वाकडी खुंटी दाखवतात आणि सांगतात तेच तुम्हालाही सांगतात:

"शाळेच्या मागे शेवटचं घर, दारात शिवणीचे ओंडके. तुम्ही तिकडे गेलात तर डोमाभाऊंना म्हणा, मला प्यायला पाणी द्या, त्या वरच्या फळीवरचा गडवा काढून. ते कोणता हात वर करतात तेवढं पाहा आणि मला कळवा."